युकुलेलेसाठी इथलंच लाकूड हवंय : ठाणे-नवी मुंबईत कुठे मिळेल, पातळ चिरून कोण देईल?

नमस्कार मंडळी,

मी ऐरोलीत राहते आणि घरी युकुलेले, म्हणजे गिटारसारखं दिसणारं चार तारांचं छोटं वाद्य, बनवते. आत्तापर्यंतची सगळी बाहेरून मागवलेल्या, आधीच चिरून आलेल्या महोगनीची केली. वाजतात छान. पण आता मला आपल्याकडच्या लाकडाचं करायचं आहे आणि तिथेच घोडं अडलंय. सुतारकाम, वाद्यकाम किंवा लाकडाच्या धंद्यातलं कुणी इथे असेल तर कृपया मार्गदर्शन करा.

नेमकं काय हवंय ते आधी सांगते. कॉन्सर्ट आकाराचं वाद्य, म्हणजे तारेची वाजती लांबी साधारण ३८ सेंमी. तबली (वाद्याची पुढची, आवाज देणारी पातळ फळी) आणि पाठ यांच्यासाठी ३० सेंमी लांब, ११-१२ सेंमी रुंद अशा दोन-दोन फळ्या, एकाच ठोकळ्यातून लागोपाठ निघालेल्या, म्हणजे जोडल्यावर दोन्हीकडच्या रेषा जुळतात. बाजूंसाठी ४५ सेंमी लांब, साडेसात सेंमी रुंद अशा दोन पट्ट्या. ३-४ मिमी जाडीत चिरून मिळालं की पुढे रंधा मारून तबली २ मिमीच्या आत आणि बाजू दीड-पावणेदोन मिमीपर्यंत मी आणते. त्याहून जाड बाजू गरम पाइपवर वळवताना मोडायची भीती असते. आणि महत्त्वाचं म्हणजे फळीच्या टोकाकडून पाहिलं तर वलयांच्या रेषा उभ्या दिसायला हव्यात. आडव्या असल्या की फळी रुंदीत जास्त फुगते-आकसते आणि बाक धरते.

आता लाकूड कोणतं? पोलादी तारांच्या गिटारवर सगळ्या तारांची मिळून ओढ ७० किलोच्या आसपास जाते. युकुलेलेच्या चार नायलॉन तारांची ओढ त्याच्या पाव हिश्श्याच्या आसपास. म्हणून गिटारच्या तबलीला वापरतात ते स्प्रूसचं लाकूडच हवं असं बंधन इथे नाही, तबलीसकट अख्खं वाद्य एकाच कठीण लाकडाचं करता येतं. हवाईत तेच झालं. १८७९ मध्ये मदेरा बेटावरून होनोलुलूला आलेल्या पोर्तुगीज कारागिरांनी आपल्या छोट्या तंतुवाद्यावरून हे वाद्य घडवलं, आणि त्यासाठी तिथलंच कोआ घेतलं. कोआ म्हणजे बाभळीच्या कुळातलं, फक्त हवाईत वाढणारं झाड. तिथले कारागीर आज आंबाही वापरतात आणि मंकीपॉडही. मंकीपॉड म्हणजे आपला रेन ट्री! ठाण्या-मुंबईच्या रस्त्यांवर सावली धरून उभा असतो तोच. दर पावसाळ्यात त्याच्या फांद्या, कधी अख्खी झाडं पडतात आणि ओंडके ट्रकमध्ये भरून जाताना दिसतात. त्यातलं थोडं तरी वाद्यात यावं असं मला फार मनापासून वाटतं.

माझ्या डोक्यात चार लाकडं आहेत : आंबा, रेन ट्री, फणस आणि तून. फणसाची वीणा तंजावरला होते आणि मिरजेचे कारागीर सतार-तंबोऱ्यासाठी तून वापरतात, म्हणजे या दोन्हींचा आवाज आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पारखलेला आहे. साग मुबलक मिळतो, पण तेलकट असल्यामुळे डिंक नीट धरत नाही आणि हत्यारांची धार लवकर जाते. शिसव मी फक्त पट्टी (जिच्यावर बोटांनी तारा दाबतात ती) आणि घोडी (तबलीवर तारा टेकतात तो तुकडा) यांपुरती ठेवणार, अख्ख्या अंगाला ती जड पडते.

अडचण अशी की वखारीत सगळा हिशेब घनफुटात. आंबा म्हटलं की पॅकिंगच्या खोक्यांच्या फळ्या समोर येतात, गाठी असलेल्या आणि किड्याने पोखरलेल्या. पातळ चिरून मागितलं तर मोठ्या गोल पात्यावर तेवढंच लाकूड भुशात जातं, म्हणून ते तयार होत नाहीत. त्यांचंही बरोबरच आहे.

शिवाय ओलावा. जुलैच्या हवेत इथलं लाकूड १६-१८ टक्के ओलावा धरून बसतं. तशा तबलीला आतून आधाराच्या पट्ट्या चिकटवल्या आणि वाद्य पुढे कोरड्या हवेच्या गावी गेलं, की तबली आकसून तडा जाणार. मला ८-१० टक्क्यांचं लाकूड हवं.

तर, लहान ठोकळे कुठे मिळतील? बँडसॉवर (पट्ट्यासारखं पातळ पातं फिरणारी करवत) ३ मिमी चिरून कोण देईल? आणि रस्त्यावर पडलेल्या रेन ट्रीचं लाकूड रीतसर कसं मिळवायचं?

प्रतिसाद १

ताई, फळ्या शोधूच नका, ठोकळा शोधा. रे रोडला लाकडा बंदरच्या वखारींत फिरलात तर तोडीचे तुकडे वेगळे पडलेले असतात, ते दुकानदार घनफूट न मोजता देतात. जाताना ओला फडका न्या. टोकावर फिरवला की रेषा स्पष्ट दिसतात. वलयं उभी येतील असं खडूने आखून घ्या आणि चिरायला वखारीत देऊ नका. रबाळे-तुर्भे एमआयडीसीत ओतकामाचे लाकडी पॅटर्न (धातू ओतायच्या साच्यासाठी लागणारे नमुने) करणाऱ्यांकडे किंवा फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये रुंद बँडसॉ असतो, तिथे जॉबवर्क होतं का विचारा. नवीन पातं तुम्ही द्यायची तयारी दाखवलीत तर काम लवकर होतं. पातळ पात्यावर मिमी-दीड मिमीच जातो.

आंबा घेणार असाल तर अंगावर टाचणीएवढी भोकं आणि पिठासारखा भुसा दिसतोय का ते बघा. दिसला तर तो ठोकळा घरातसुद्धा आणू नका. सागाला मात्र नाही म्हणू नका. पुनर्विकासात पाडलेल्या चाळींचे दरवाजे आणि तुळया जुन्या लाकूडवाल्यांकडे येतात, ते लाकूड कित्येक दशकं वाळलेलं असतं. चिकटवण्याआधी ताजा रंधा मारून ॲसिटोनने पुसलं की डिंक धरतो. खिळे मात्र चुंबक फिरवून काढा, नाहीतर पातं गेलंच.

प्रतिसाद २

पडलेलं झाड म्हणून परस्पर ओंडका उचलू नका. महापालिका हद्दीत झाडं १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली येतात. उद्यान विभागात चौकशी करून ज्याच्याकडे लाकूड रीतसर जातं त्याच्याकडून पावती घेऊनच घ्या. गावाहून आंबा-फणस आणणार असाल तर हे दोन्ही १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, तोडीची परवानगी आणि वाहतूक पास विचारा.

मूळ धागाकर्ती

दोघांचेही खूप आभार. पॅटर्नवाल्यांचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं, आणि ते तर घरापासून अगदी जवळ. आता ठरवलंय की पहिलं वाद्य जुन्या सागाचं, कारण ते आज वाळलेलं मिळतंय. रेन ट्रीचा ओंडका मिळाला तर लगेच इंचभर जाडीच्या फळ्या करून, टोकांना मेण लावून, मध्ये पट्ट्या घालून रचून ठेवेन. इंचाला वर्ष, म्हणजे इंचभर जाडी वाळायला एक वर्ष, हा हिशेब धरला तरी इथल्या हवेत तेवढ्याने भागेल का? दर महिन्याला वजन करून ते स्थिर झालं की घरात डिह्युमिडिफायरच्या खोलीत आणायचं, असा विचार आहे. रेन ट्री कुणी स्वतः वाळवला असेल तर किती फाटतो, ते जरूर लिहा.