मदत हवी आहे: गाभण घोडीसाठी कुंपण कोणतं करावं?

नमस्कार मंडळी. शहाद्याजवळ शेत आहे. सारंगखेड्याच्या यात्रेतून घेतलेली मारवाडी घोडी आता गाभण आहे. तिला मोकळं फिरायला अर्धा एकर बंदिस्त करायचाय. बांधावरची काटेरी तार काढणारच. घोडं बिचकून उधळलं की त्याला तार दिसत नाही, अन् पाय अडकला तर कातडी सोलून निघते. निलगिरीच्या बल्ल्या आडव्या लावून पाच फूट उंच करावं म्हणतो. पण जमीन काळी, पावसाळ्यात खांब कलतात, उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात. खांब किती खोल गाडावेत? शिंगरू खालून निसटू नये म्हणून जाळी लावली तर खूर न अडकणारी कोणती? झटका मशीनवर (कुंपणात विजेचा हलका झटका सोडणारं यंत्र) तारेऐवजी रुंद पांढरी पट्टी कुणी वापरलीय का? घोडी व्यायच्या आत काम उरकायचंय, अनुभव असलेल्यांनी जरूर सांगा.