चकमकीच्या पिस्तुलाबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. नागपूरच्या महाल भागातला आमचा जुना वाडा रिकामा करताना माळ्यावरच्या पेटीत आजोबांच्या धोतरात गुंडाळलेलं एक पिस्तूल निघालं. दस्ता लाकडी, त्याच्या टोकाला पितळी टोपी. घोड्याच्या (चाप ओढल्यावर आपटणाऱ्या हातोडीच्या) जबड्यात गारेचा तुकडा अजून घट्ट आहे. चाप ओढला की ती गार समोरच्या पोलादी पत्र्यावर घासायची, ठिणग्या खालच्या रंजकीत, म्हणजे पेटवायच्या बारीक दारूत, पडायच्या आणि कानातून, म्हणजे नळीच्या बाजूच्या भोकातून, आग नळीत जायची. पाऊस आला की रंजक भिजायची. म्हणूनच पुढे टोपीची (ठोका बसताच पेटणाऱ्या छोट्या धातूच्या टोपीची) बंदूक आली.

बार ठासायचा गज नळीला बिजागरीने जोडलेला आहे, घोडेस्वाराच्या हातून पडू नये म्हणून. त्यामुळे हे लष्करी असावं असं मला वाटतं. कळीच्या (घोडा-चापाच्या यंत्रणेच्या) पट्टीवर मुकुट धरलेला सिंह पुसट दिसतो. ईस्ट इंडिया कंपनी आधी हृदयाच्या आकाराचा शिक्का मारायची, साधारण १८०८ नंतर सिंह आला. कंपनी आणि नागपूरकर भोसल्यांमधली सीताबर्डीची लढाई १८१७ ची, म्हणून मन तिकडेच धावतं. पण घरात तशी काही आठवण सांगितली जात नाही.

खरी काळजी वेगळीच. नळीत बांबूची काडी घातली तर ती कानाच्या दोन बोटं अलीकडेच अडते. आत जुना बार (दारू आणि गोळी) असेल का? तो सुरक्षितपणे कोण काढेल? तोवर चापाला कुणालाच हात लावू देत नाहीये. नोंदणीसाठी पोलिसांकडे जायचं की पुरातत्त्व खात्याकडे? अजब बंगल्यात (नागपूरच्या संग्रहालयात) कोणी बघून सांगेल का? आणि गंज घासू की तसाच ठेवू?