सिझर झालं म्हणून बाळाच्या मेंदूवर परिणाम होतो का?

नवीआई: मागच्या महिन्यात सिझर झालं, आता सासूबाईंच्या मैत्रीण म्हणतात सिझरची मुलं हट्टी होतात, ऑटिझम पण होतो म्हणे. खरंय का काही?

चष्मिश: २०१५ चा स्वीडनचा अभ्यास बघ, २६ लाखांवर मुलं होती. आधीच ठरवून केलेल्या सिझरच्या मुलांत ऑटिझम साधारण २१ टक्के जास्त दिसला, पण सख्ख्या भावंडांची तुलना केली तर तो फरक गेलाच. म्हणजे कारण बहुतेक घराण्यातलं नाहीतर ज्या अडचणीमुळे सिझर करावं लागलं त्यातलं, कापण्यातलं नाही.

उंदीरमामा: उंदरांवर मात्र २०१८ मध्ये दिसलंय, सिझरच्या पिल्लांत जन्मानंतर मेंदूच्या काही भागांत पेशी जास्त मेल्या, ओरडलीही कमी. पण ती उंदरं हो!

नवीआई: माझं तर रात्रभर ओरडतंय 😄