मदत हवी आहे: फ्लाय (हुकावर पिसं-दोऱ्यानं केलेला खोटा किडा) बांधायला गावरान कोंबड्याची पिसं कशी निवडायची?

धानबांधी
नमस्कार मंडळी.

मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातला, जिल्हा गोंदिया. गावाला लागूनच जुना मामा तलाव आहे, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. तो मच्छीमार संस्थेच्या ताब्यात आहे. जाळं लावायचं नाही, फक्त गळ, आणि मासा धरला तर एक तर सोडायचा नाहीतर तोलून पैसे द्यायचे, या बोलीवर त्यांनी मला पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, एका टोकाला उभं राहू दिलंय. मरळ आहे, तिलापिया तर पोत्यानं आहे, रोहू-कटला संस्थेनं सोडलेले.

पुण्याच्या मावसभावानं त्याचा जुना फ्लाय रॉड दिला, सहा नंबरच्या लाइनचा. लाइन फेकणं जमायला लागलंय. सगळं अडलंय ते फ्लायपाशी. तयार फ्लाय ऑनलाइन मागवायच्या तर परवडत नाही, आणि आमच्या तलावाच्या काठाला बेशरमची झाडी एवढी की दर दोन फेकीला एखादी तरी अडकून तुटते. म्हणून घरीच बांधायच्या ठरवल्या. शेवटचं पाणी द्यायचं काम संपलं की रात्री मोकळाच असतो.

हुक मस्टॅडचे मिळाले, दोरा शिलाईवाल्याकडचा ओव्हरलॉकचा बारीक, गाठीवर लावायला बायकोची नेलपॉलिश (विचारून). पिसांसाठी आधी एक पाकीट मागवलं. फोटोत लांबसडक तपकिरी पिसं होती, आली ती लाल रंगात बुडवलेली, बोटाला रंग लागणारी आणि टोकाला मोडकी. म्हटलं, आपल्या गावात कोंबड्यांना काय तोटा! चिकनच्या दुकानातून पांढरी पिसं आणली, आठवडी बाजारात कोंबडे विकणाऱ्याकडून गावरान कोंबड्याची मान मागून आणली.

आता अडचण अशी. ब्रॉयलरचं पीस हुकाभोवती गुंडाळलं की चिखलात बुडालेल्या कुंच्यासारखं चिकटून बसतं, तंतू उभे राहतच नाहीत. गावरानचं दिसतं छान, पण निम्मी पिसं गुंडाळताना कण्यातच पिळतात किंवा तडकतात. जी नीट बसली त्यांची फ्लाय पाण्यावर थोडा वेळ तरंगते आणि मग खाली जाते. व्हिडिओत तर पार वाहत्या पाण्यातही तरंगते.

तेव्हा विचारायचं आहे की कोंबड्याच्या नेमक्या कोणत्या जागेची पिसं घ्यायची, आणि चांगलं पीस हातात घेऊन ओळखायचं कसं? कोंबडीची चालतात का? माझ्याकडे एका डब्यात जमवलेल्या पिसांत बारीक किडे झालेत, ते कसे आवरायचे? आणि बांधावर मोराची पिसं पडलेली असतात, ती वापरली तर कायद्यात बसतं का? शेवटचा प्रश्न नीट माहिती असलेल्यानेच घ्यावा ही विनंती.

वऱ्हाडी_गरी
काऊन एवढा ताप करून घेता भाऊ? गांडूळ लावा, बसा निवांत. तिलापिया तं भाताच्या शितावर बी येते.
असो, मस्करी केली. एक कामाचं सांगतो. पिसाच्या वरून बारीक तांब्याची तार गुंडाळाले लागते, ते ऑनलाइन घेऊ नका. मोटार वाइंडिंगवाल्याकडं जा, पंपाची जळालेली मोटार खोलली की ढीग असते तारेचा. सगळ्यात बारीक गेजची माग. फुकट देते तो.

जुना_गळकरी
धानबांधी, तुमचे प्रश्न बरोबर आहेत, फक्त त्याआधीचा एक राहिला: ही फ्लाय तरंगवायची आहे की बुडवायची? पिसाची निवड सगळी त्यावर आहे.

तुम्ही पाहिलेले व्हिडिओ बहुतेक ट्राउटचे असणार. तिथं थंड वाहतं पाणी, वर बसणारा किडा, आणि मासा तो किडा वरून टिपतो. त्याला ड्राय फ्लाय म्हणतात. तिचं सगळं वजन तंतूंच्या टोकांवर पेललेलं असतं, म्हणून तंतू ताठ, चकचकीत आणि पाणी न शोषणारे लागतात. अशी पिसं पूर्ण वाढलेल्या कोंबड्याच्या मानेवर आणि कमरेवर, शेपटीच्या पुढे, असतात. परदेशात यासाठी पिढ्यानपिढ्या निवडून पैदास केलेले खास कोंबडे पाळतात. ते येण्याआधी तिकडचे लोक भारतातून आणि चीनमधून गेलेल्या कोंबड्यांच्या मानाच वापरायचे. म्हणजे आपला गावरान काही कमी नाही.

मानेवर डोक्याजवळ बारीक पिसं असतात, खांद्याकडे येता येता मोठी होत जातात. एकाच मानेत लहान-मोठ्या सगळ्या हुकांची सोय होते. कमरेची पिसं लांब, अरुंद आणि कण्याला लवचीक. तुमची जी तडकतात ती बहुधा मानेच्या खालच्या बाजूची, जाड कण्याची असावीत. ती वापरण्याआधी कोमट पाण्यात थोडा वेळ भिजवा, कणा नरमतो. तरीही पिळली तर फ्लायची शेपटी बांधायला ठेवा.

ओळखायची रीत अशी. पीस उजेडासमोर धरा. कण्याच्या दोन्ही बाजूंना मधोमध दाट, धूसर पट्टा दिसतो. तो भाग पाणी पितो. तो पट्टा जेवढा अरुंद आणि टोकाकडे जेवढा लवकर संपतो, तेवढं पीस तरंगायला चांगलं. मग टोक धरून तंतू उलटे फिरवा. ते काटकोनात ताठ उभे राहिले आणि त्यांची लांबी सारखी असली की पास. लांबीचा अंदाज हुकाचं टोक आणि दांडा यांमधल्या अंतरावरून घ्या, तंतू त्याच्या साधारण दीडपट असावा. बुडाकडचा कापसासारखा भाग नेहमी खुडून टाका.

ब्रॉयलर सहा आठवड्यांच्या आसपास कापतात. एवढ्या वयाच्या पक्ष्याला ही पिसं आलेलीच नसतात, दुकानदाराला दोष देऊ नका. कोंबडा वर्षाच्या पुढचा हवा, आणि पिसं झडून नवीन पूर्ण आल्यावर घ्यावा. पिसाच्या बुडाशी रक्त दिसलं तर ते कोवळं आहे, ठेवू नका. सडेल आणि किडे आणेल.

आता तुमच्या तलावाबद्दल. साचलेलं कोमट पाणी, कमळ, बेशरम, मरळ, तिलापिया. तिथं ड्राय फ्लायचा फार उपयोग नाही, माझं स्पष्ट मत. तुम्हाला पाण्यात श्वास घेतल्यासारखी हलणारी पिसं हवीत, आणि ती कोंबडीची असतात! पाठीवरची, गोल, मऊ, भरपूर धूसर पट्ट्याची. तुम्ही जी टाकून देत असाल तीच. मांडीजवळचा आणि पोटाखालचा फुलोरा, म्हणजे कापसासारखी मऊ पिसं, तर सोनं आहे. बाहेर शेपटीसाठी माराबू म्हणून जे विकतात, ते एकेकाळी त्या नावाच्या करकोच्याचं असायचं, आता टर्कीचं असतं. गावरान कोंबडीच्या पोटाचा फुलोरा लहान फ्लायला तेच काम करतो. आठ किंवा दहा नंबरचा हुक घ्या, फुलोऱ्याची शेपटी, अंगाला गडद लोकर, वरून कोंबडीचं मऊ पीस टोकाकडून बांधून दोन-तीन वेढे, आणि वऱ्हाडी_गरींनी सांगितलेली तार. तिलापिया याला सोडणार नाही.

धानबांधी
गळकरी काका, एवढं सविस्तर सांगितलंत, आभार. कोंबडीची पिसं खरंच आई चुलीशेजारी साफ करते तेव्हा उकिरड्यावर जातात.
पण मरळ वर येते ना? ती हवा घ्यायला वर येते तेव्हा पाण्यावर फुटफुट आवाज होतो, तो आम्ही लहानपणापासून ऐकतो. म्हणून तरंगती हवी होती.

जुना_गळकरी
मरळीला वर हवीच, पण तिथं पीस तरंगवत नाही, फोम तरंगवतो. जुनी रबरी चप्पल कापा, बेडकाएवढा तुकडा, दोन नंबर किंवा त्याहून मोठा हुक (नंबर लहान तेवढा हुक मोठा). पिसं फक्त मागच्या पायांसाठी, कमरेची लांब, दोन्हीकडे बाहेर वळलेली. हुकाच्या पुढे जाड नायलॉनचा एक वळसा ठेवा, म्हणजे बेशरमीत अडकणार नाही.
एक विनंती. पावसाळ्यात तांबूस-केशरी पिल्लांचा थवा पाण्यावर दिसला तर तिथं टाकू नका. खाली आई-बाप राखण करत असतात आणि कशावरही झडप घालतात. ते धरले की थवा दुसऱ्या माशांच्या पोटात.

पिसारा
कीड लागलेल्या डब्याचं मी सांगते. आमच्या बचत गटाच्या कोंबड्या आहेत, कडकनाथही आहेत. (काळी पिसं हवी असतील तर कडकनाथ कोंबड्याच्या मानेचा विचार करा. उन्हात हिरवट चमक मारते, रंग लावायची गरज नाही.)

दादा, आधी त्या डब्यातली कातडीसकट असलेली मान वेगळी काढा. कातडीवर चरबी राहिली की किडे लवकर होतात. चमच्यानं चरबी खरवडून मीठ किंवा टाकणखार चोळा, सावलीत वाळवा. सुटी पिसं भांडी घासायच्या साबणाच्या थेंबभर पाण्यात हलक्या हातानं धुवा, वर्तमानपत्रावर पसरा. वाळली की वाफेवर धरा, वाकलेले तंतू सरळ होतात. मग घट्ट बंद पिशवीत घालून काही दिवस फ्रीजरमध्ये, बाहेर काढून एक-दोन दिवस, परत फ्रीजरमध्ये. अंडी थंडीत तगून राहतात आणि बाहेर काढल्यावर उबतात, म्हणून दुसरा फेरा. डांबरगोळी ठेवायची तर वेगळ्या पुडीत, पिसांना वास लागला तर मला वाटतं मासाही नाक मुरडतो. हे मात्र नुसतं मत.

आजारानं मेलेल्या कोंबडीची पिसं कधीही घेऊ नका. बर्ड फ्लूची बातमी असली की कुठलीच आणू नका.

धानाच्या बांध्यांत बदकं पाळणारे कुणी जवळ असतील तर शेपटीच्या बुडाशी तेलाची ग्रंथी असते, तिच्याभोवतीची छोटी पिसं मागून घ्या. ती आपोआप तरंगतात. त्यांना वरून तेलकट मलम लावू नका, चिकटून बसतात.

रानवाट
कायद्याचा भाग माझ्याकडे. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 मध्ये ‘ट्रॉफी’च्या, म्हणजे वन्यप्राण्याच्या अंगाच्या भागाच्या, व्याख्येत पीसही येतं. त्यामुळे रानकोंबडा, तितर, बगळा, खंड्या, नीलपंख, यांचं पडलेलं पीसही जमवू नका. मोराच्या शेपटीच्या पिसांना त्याच कायद्यात सूट आहे, पण देशाबाहेर पाठवता येत नाहीत. तुमच्या बांधावर गळून पडलेलं वापरायला हरकत नाही. नवेगावच्या राखीव जंगलाच्या हद्दीतून मात्र काहीच उचलू नका, काडीसुद्धा.

रानकोंबड्याचं मुद्दाम सांगतो, कारण परदेशी फ्लायच्या फोटोत मेणाचे ठिपके असल्यासारखी जी पिसं दिसतात ती आपल्या राखी रानकोंबड्याच्या मानेची. त्यांच्यासाठी एकेकाळी काय संहार झाला असेल! इंग्रज सरकारनं 1902 मध्येच भारतातून पिसांची निर्यात बंद केली. तिकडे आता पाळून वाढवलेल्या पक्ष्यांची विकतात. हौस माणसाला कुठं नेते याचं उदाहरण म्हणजे 2009 मध्ये इंग्लंडात ट्रिंगच्या संग्रहालयातून 299 पक्ष्यांची कातडी चोरीला गेली, आणि चोर फ्लाय बांधणारा निघाला.

तीच गोष्ट केसांची. व्हिडिओत हरणाच्या शेपटीचे केस वापरतात, ते अमेरिकेतल्या हरणाचे. चितळ-सांबराचे कुणी देऊ केले तरी घेऊ नका.

वऱ्हाडी_गरी
बोकडाचे केस चालते भाऊ. काळे, लांब, पाठीवरचे. खाटकाकडं फुकट.

धानबांधी
सगळ्यांचे मनापासून आभार. कोंबडीच्या पाठीच्या पिसांची फ्लाय बांधली, पहिल्याच संध्याकाळी तळहाताएवढे तिलापिया लागले. संस्थेचे काका पाळीवर बसून बघत होते, म्हणाले आम्हालाबी एक दे.
मोराच्या पिसाचे तंतू अंगाला गुंडाळले तर सुंदर हिरवे दिसतात, पण दोन मासे लागले की दातांनी तुटतात आणि सगळं सुटतं. यावर काही उपाय?

जुना_गळकरी
तीन-चार तंतू एकत्र घ्या, दोऱ्याभोवती पिळून दोर करा, मग गुंडाळा. वरून तांब्याची तार उलट दिशेनं फिरवा. तंतू उजवीकडे गेले असतील तर तार डावीकडे, म्हणजे प्रत्येक तंतू तारेखाली दाबला जातो. आणि काकांना फ्लाय देताना हुकाच्या टोकामागचा उलटा काटा पक्कडीनं दाबून द्या, पहिल्या दिवशी सगळे हुकानं स्वतःचाच कान धरतात.