बरणीत किती मावतं? तुमचे अंदाज, तुमचे अनुभव

गेल्या गणपतीत बडोद्यात आमच्या दांडिया बाजारातल्या मंडळाने पाच लिटरची काचेची बरणी गोट्यांनी गच्च भरून ठेवली होती. आत किती गोट्या, ते चिठ्ठीवर लिहून द्यायचं. मी घरी येऊन नीट हिशेब मांडला. गोटीचा व्यास 16 मिलिमीटर, म्हणजे एकीचं घनफळ सुमारे 2.14 घनसेंटिमीटर. 5,000 ला त्याने भागलं आणि 2,330 लिहिलं. निघाल्या 1,412. फटी धरायच्याच राहिल्या होत्या! तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही. धान्य, लाडू, टेम्पोतलं सामान, काहीही चालेल. किती मावेल हे तुम्ही कसं ठरवता आणि कुठे फसलात, ते सविस्तर लिहा.

रावपुऱ्यातून
आमच्या आत्याचा लाडवांचा डबा आतून 25 सेंटिमीटर रुंद, 20 उंच. रव्याचा लाडू पाच सेंटिमीटरचा. ती तळाशी मधे एक, भोवती सहा, त्यांच्याभोवती बारा असे 19 लावते, वर बटर पेपर, मग पुन्हा 19. चार थर, 76 लाडू. मुंजीच्या वेळी मी शहाणपणा केला. म्हटलं, आत्या, वरचे लाडू खालच्यांच्या खळग्यांत बसव, उंची वाचेल. तिने ऐकलं. दुसऱ्या थरात बाराच बसले. तिसऱ्यात 19, चौथ्यात परत 12. एकूण 62, आणि वर पावणेतीन सेंटिमीटर उरले, त्यात पाचवा थर काही जाईना. "बाळा, कडेला बघ, बोटभर जागा मोकळी राहिली," एवढंच ती म्हणाली. खळग्यांची युक्ती मोठ्या पिंपात चालते. लहान डब्यात भिंतच निम्मा खेळ खाते, हे मला त्या दिवशी कळलं.

वाडीतून
शाळेत गणित शिकवलं, म्हणून थोडं लिहितो. सारखे गोळे एकावर एक सरळ रचले तर ते सुमारे 52 टक्के जागा भरतात. नुसते ओतून हलवले तर 64 टक्क्यांच्या आसपास. खंडेराव मार्केटमध्ये मोसंबी रचतात तशी रचली तर 74. याहून दाट रचना शक्य नाही, असं खगोलशास्त्रज्ञ केप्लरने 1611 मध्ये म्हटलं होतं. गणितज्ञ थॉमस हेल्स यांनी त्याची सिद्धता 1998 मध्ये मांडली. पोरं मला विचारायची, फळवाल्याला जे दिसतं त्याला पावणेचारशे वर्षं का लागली? मला तो प्रश्न फार आवडायचा. तुमच्या बरणीचा हिशेब काढला तर 60 टक्क्यांच्या थोडं वर येतो. पाच लिटरच्या बरणीत काठाशी जागा वाया जाते, त्यामुळे तो मला अगदी पटतो.

कारेलीबागेतून
नातवाच्या बोरनहाणाला काटेरी हलव्याच्या पुड्या करायच्या होत्या. एक वाटी भरून दाणे मोजले, डब्यात वीस वाट्या धरल्या, गुणाकार केला. पुड्या कमी पडल्या, ऐनवेळी शेजारून हलवा आणला. वाटी मी शिगोशीग भरली होती आणि डबा काठाशी सपाट होता. माझी आजी पायलीने धान्य मोजताना आधी विचारायची, शीग धरायची का? ते मला आठवायला हवं होतं. शिवाय साबुदाण्याचा डबा आपटला की साबुदाणा खाली बसतो, हलवा फारसा बसत नाही, काटे एकमेकांत अडकतात.

मांडवीतून
मंडळाकडे सगळ्या चिठ्ठ्या असतील तर आकडे चढत्या क्रमाने लावून मधला आकडा बघा. 1906 मध्ये इंग्लंडमधल्या प्लिमथच्या जत्रेत, बैल कापून साफ केल्यावर किती वजन भरेल, याचे अंदाज लोकांनी चिठ्ठ्यांवर लिहून दिले होते. संख्याशास्त्रज्ञ गॅल्टनने 787 चिठ्ठ्या तपासल्या: मधला आकडा 1,207 पौंड, खरं वजन 1,198.

दांडिया बाजारातून
चिठ्ठ्या टाकून दिल्यात, विचारलं मी. पण बरणी आणि गोट्या अजून मंडळाच्या कपाटात होत्या, त्या मागून आणल्या. तशाच भरून मापाने पाणी ओतलं. काठाला आलं तेव्हा 1 लिटर 970 मिलिलिटर गेलं होतं. उरले 3,030, भागिले 2.14, म्हणजे 1,416. चारचा फरक.