मामाचं घर ग्रुप: टेरिफायर २ वरून रात्रीची चर्चा

ताई भंडारा: काल मोठ्या पोरानं टीव्हीवर टेरिफायर २ हा खूनखराब्याचा भेवाचा सिनेमा लावला. जोकर एका पोरीले तिच्याच खोलीत हाल करून मारते, त्या सीनले मी उठून गेली. असं कोन पाहते गा?

लहान मामा वडसा: मी पाहलो ताई, पूर्न. नाटकाची रंगभूषा करतो, म्हनून रक्ताकडंच लक्ष जाते. आपन मानेवर वार दाखवतो तं रंगाचं पानी, पाक, न् चटकन लाइट बंद. इथं लाइट बंदच होत नाई. कातडी सोलते, खालचं मास दिसते, न् ते हातानं बनवलेलं. डेमियन लिओननं लिहिला, दिग्दर्शन केलं, इफेक्टही त्याचेच. 2022 चा सिनेमा, खर्च अडीच लाख डॉलरच्या आसपास. हॉलीवूडच्या मानानं काहीच नाई!

भाचा नागपूर: आनि तो जोकर, मामा! त्याचं काम करनारा डेव्हिड हॉवर्ड थॉर्नटन. सिएना, म्हंजे हिरोइन, दुकानात पोशाखाचे पंख घ्यायले जाते, हा मागं सूर्यफुलाचा चष्मा घालून उभा. तोंडातून शब्द नाई.

लहान मामा वडसा: तिथंच मले खरं भेव लागलं. आपल्याकडं कॉमेडीवाल्यालेही शब्द लागते, हा नुसत्या भुवयांवर हसवते न् त्याच चेहऱ्यानं मारते.

ताई भंडारा: मंग तो खोलीतला सीन चांगला म्हनतोस का?

लहान मामा वडसा: नाई. तिथं मी तुझ्याकडून. जखमेवर मीठ चोळनं आपन बोलाले म्हनतो, तो खरंच मीठ आनून चोळते. पहिल्या वाराले माझा जीव घशात आला होता. पाचव्या वाराले मी रबर कसं चिकटवलं ते पाहत होतो. पाहनारा रबर पाहाले लागला म्हंजे भेव गेलं. आवरनं जमलं नाई त्याले. 138 मिनिटं! पहिला भाग दीड तासाच्या आत संपते.

मामी: पन पहिल्यात मानसं आले न् मेले, कोनासाठी जीव तुटला नाई. इथं सिएना आहे. वारलेल्या बापानं काढलेल्या चित्रावरून पोशाख बनवते, तिचं काम त्या लॉरेन लवेरानं मनापासून केलं. तिच्यासाठी मी शेवटपर्यंत बसली.

भाचा नागपूर: मामी, तिच्या बापाले तो जोकर आधीच कसा दिसला, ते तं सांगतच नाई.

मामी: हो, ते अर्धवटच सोडलं.

ताई भंडारा: पोशाखाचं मी पाहलं होतं, चांगलं वाटलं. मंग पुढचं पाहू का?

लहान मामा वडसा: पाह, पन दिवसा, न् खोलीचा सीन पुढं ढकल. लहान्या नातीले अजिबात नको. टीव्हीले पिन नंबरचं लॉक लाव आजच.

ताई भंडारा: मोठ्याले सांगतो आत्ताच.