विद्यापीठात 5, 10 आणि 21 किमी एकाच फेरीवर: अंतर कसं मोजायचं, पाणी किती?

सागरमाळ_पहाट
शिवाजी विद्यापीठाच्या आवारात जानेवारीत 5, 10 किमी आणि हाफ (अर्धी मॅरेथॉन) घ्यायचा विचार आहे. बाहेर जायचं नाही. ऐन गळीत हंगाम, त्यात पहाटेच्या अंधारात उसाच्या ट्रॉल्यांशेजारून पोरं पळवायची म्हणजे जिवाला घोर. आत साधारण 5 किमीची फेरी बसते, पण तीन घड्याळांवर 4.92, 5.01 आणि 5.06 आलंय. कुठलं धरू? हाफला 200, दहाला 300, पाचला 500 जण धरलेत. पाण्याचाही अंदाज सांगा.

मोजपट्टी
तिन्ही सोडा. झाडीखाली आणि वळणावर जीपीएस भरकटतं, सरासरी काढूनही उपयोग नाही. सायकलनं मोजा.

सरळ रस्त्यावर स्टीलच्या टेपनं 300 मीटर आखून घ्या. कापडी टेप नको, तो ताणला जातो. त्यावर चार वेळा सायकल चालवून 300 मीटरला चाकाचे किती फेरे होतात ते काढा. जोन्स काउंटर (पुढच्या चाकाला लावायचं फेरे मोजणारं यंत्र) मिळाला तर उत्तमच. नसेल तर पुढच्या चाकाच्या व्हॉल्व्हशेजारी रंगीत चिकटपट्टी लावा आणि एकाला फक्त मोजायलाच सोबत ठेवा. चाकाचा घेर 2.1 मीटर असेल तर फेरीला साधारण 2383 फेरे येतील. चाकाच्या दर 100 फेऱ्यांना खडूची खूण करा, म्हणजे चुकलं तरी पहिल्यापासून मोजायला नको.

सायकल धावणारा जाईल तशी न्यायची: वळणाला आतल्या कडेपासून 30 सेंमीवर आणि एका वळणापासून दुसऱ्यापर्यंत तिरकी सरळ. रस्त्याच्या मधोमध मोजलं की शर्यत आखूड भरते, कारण पळणारा मधून पळत नाही. मोजणीत थोडं चुकलं तरी मार्ग आखूड पडू नये म्हणून वर हजारी एक जादा धरा, म्हणजे 5 किमीची फेरी 5.005 ची (वरचे 2383 फेरे याच हिशेबानं). मोजून झालं की 300 मीटरवर पुन्हा चार वेळा चालवा. हवा उतरली असेल तर चाक लहान होतं, तेवढेच फेरे कमी अंतरात भरतात आणि मार्ग आखूड निघतो.

हाफ 21.0975 किमी. जादा धरून 21.1186. चार फेऱ्यांचे 20.020 झाले, उरले 1.0986 किमी. ते 549.3 मीटरवर यू-टर्न देऊन भरून काढता येतं.

दमानं_घे
यू-टर्नला माझा विरोध आहे. सुटल्यावर 550 मीटरपर्यंत गर्दी पांगलेली नसते. 200 जण एका कोनभोवती (रस्त्यावर ठेवायच्या प्लास्टिकच्या शंकूभोवती) वळायला लागले की ढकलाढकली ठरलेली. शिवाय तो कोन सकाळी ठेवणारा माणूस मोजणाऱ्यापेक्षा वेगळा असतो, आणि तो सावली बघून ठेवतो. त्यापेक्षा हाफची सुरुवातच फेरीला येऊन मिळणाऱ्या सरळ रस्त्यावर फिनिशच्या 1098.6 मीटर मागे घ्या. खूण रंगानं नको, डांबरात वॉशर घालून खिळा ठोका आणि जवळच्या दिव्याच्या खांबापासूनचं अंतर लिहून ठेवा.

फेऱ्या मोजायचं काम पळणाऱ्यावर सोडू नका. तिसऱ्या फेरीला भल्याभल्यांचा हिशेब चुकतो. फेरीच्या सगळ्यात लांबच्या टोकाला दर फेरीला वेगळ्या रंगाचा रबरबँड मनगटात द्या. आवारात आडवाटा भरपूर आहेत, फिनिशजवळ बँड वाटले तर आडवाटेनं आलेल्यालाही मिळतील. वेळ नोंदवणारी चिप असेल तर बिब (नंबराचा कागद) छातीवरच लावायला सांगा, घडी घालायची नाही आणि चिपमधून पिन टोचायची नाही.

जानेवारीत आपल्याकडं सूर्य सातनंतर उगवतो. हाफ 6.15 ला सोडली तर पहिला अर्धा तास तरी अंधार. प्रत्येक गतिरोधकावर पांढरा पट्टा, दिवा आणि शिट्टीवाला हवा. सहाच्या आत लाऊडस्पीकरला कायद्यानं बंदी आहे, त्यामुळे साडेपाचचा झुंबा विसरा. आत वसतिगृहंही आहेत. दहा किमी 7 ला, पाच किमी पावणेआठला सोडा. चालणारे डाव्या कडेनं, तेही दोनच्या रांगेत. आवारातल्या शिवाजी महाराजांच्या पुतळ्यासमोर सेल्फीसाठी थांबणारच, त्यांना रस्त्याबाहेर जागा आखून द्या. फेरीची दिशा मात्र सगळ्यांना एकच.

पाणपोई
फेरीवर अडीच-अडीच किलोमीटरला पाण्याची दोन ठिकाणं धरू. हाफवाला आठदा पाण्यापाशी येतो, दहावाला चारदा, पाचवाला दोनदा. म्हणजे 1600 + 1200 + 1000 = 3800 वेळा. माणूस कधी दोन कप घेतो, एक सांडतो. 1.3 नं गुणा, 4940 कप झाले. कपात 150 मिली, काठोकाठ नको. साधारण 741 लिटर, म्हणजे 20 लिटरचे 37 जार. 45 मागवा. शेवटच्या तासात पाणी संपणं हीच सगळ्यात जास्त होणारी चूक, आणि तेव्हा ऊन चढलेलं असतं, मैदानात उरलेले सगळ्यात सावकाश पळणारे असतात.

प्रत्येक ठिकाणी टेबलं एकाला एक चिकटवून लावू नका. 25-30 मीटरच्या पट्ट्यात पसरा आणि कचऱ्याचे डबे शेवटच्या टेबलापुढं 50 मीटरपर्यंत ठेवा. कप काही पहिल्या पावलाला रिकामा होत नाही.

ओआरएसचं मोठं पाकीट एका लिटरला असतं. जारला 20 पाकिटं लागतात. दोन पाकिटं टाकून "इलेक्ट्रोलाइट" अशी पाटी लावू नका. उलट, तहान नसताना "पी पी" म्हणून पाणी पाजणंही घातक, रक्तातलं सोडियम उतरतं.

सागरमाळ_पहाट
मोजणी या रविवारीच करतो. फिनिशला मिसळ ठेवायची का?

पाणपोई
ठेवा, पण पदक देता तिथं नको. आधी पाणी, केळं, गूळ-शेंगदाणे आणि पंधरा मिनिटं चालणं. रिकाम्या, दमलेल्या पोटात कट गेला की तिथंच उलटी होते. फिनिशपासून शंभरेक मीटरवर पंगत मांडा, तिथवर जाईपर्यंत पाय आणि पोट दोन्ही ताळ्यावर येतात. वाटेत खुर्च्या ठेवू नका, बसले की उठत नाहीत. फिनिशवर कुणी कोसळलं तर आधी आडवं करून पाय वर. अंग तापलेलं असेल आणि बडबड असंबद्ध असेल तर रुग्णवाहिकेची वाट न बघता बर्फाच्या पाण्यात भिजवलेले टॉवेल अंगभर टाका आणि सतत बदलत राहा. दोन पोती बर्फ आदल्या रात्रीच सांगून ठेवा.